भाऊ एका बालगृहात, बहीण दुसऱ्यात: भावंडं एकत्र राहावीत म्हणून पुण्यात काय करायचं

आई गेली, वडील असून नसल्यासारखे, घरात तीन मुलं. कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करतं, मुलं बाल कल्याण समितीपुढे जातात आणि संध्याकाळपर्यंत थोरली मुलींच्या बालगृहात, मधला मुलांच्या बालगृहात आणि धाकटं शिशुगृहात पोचतं. यात कुणाचा दुष्टावा नसतो. संस्थाच तशा आहेत: मुलींच्या वेगळ्या, मुलांच्या वेगळ्या, सहा वर्षांखालच्यांच्या वेगळ्या. गोम पुढे आहे. तात्पुरती म्हणून केलेली ही वाटणी फायलीत रुळते आणि वर्षभराने एक हडपसरला, एक भोसरीला, एक कुणाच्या तरी दत्तक घरी, हेच कायमचं होऊन बसतं.

हा लेख तीन प्रकारच्या लोकांसाठी आहे. अशा मुलांचे मामा, मावशी, आत्या, आजी. प्रतिपालकत्व, म्हणजे फोस्टर केअर, घ्यायचा विचार करणारी पुण्यातली कुटुंबं. आणि समाजकार्याची पदवी घेऊन नुकतेच एखाद्या संस्थेत चिकटलेले तरुण कार्यकर्ते, ज्यांच्या हातात पहिल्याच आठवड्यात अशी फाईल पडते.

कायद्यात काय आहे, काय नाही

आधार एकच ओळ आहे, पण ती पाठच करून ठेवा. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५, कलम ४४, पोटकलम ३: प्रतिपालक कुटुंबात भावंडांना एकत्र ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न केले जातील, एकत्र न ठेवणं त्यांच्या हिताचं असेल तेवढाच अपवाद. म्हणजे एकत्र ठेवणं हा नियम आहे. ज्याला वेगळं करायचंय त्याने कारण द्यायचं. प्रत्यक्षात मात्र अनेकदा उलटं घडतं, नातेवाईकच हात जोडून ‘एकत्र ठेवा हो’ म्हणत उभे असतात. हात जोडू नका, कलम दाखवा.

आता या ओळीच्या मर्यादा. एक तर ती प्रतिपालक कुटुंबाबद्दल बोलते, बालगृहाबद्दल नाही, आणि मुलांची पहिली वाटणी तर बालगृहांतच होते. दुसरं म्हणजे एकत्र ठेवता आलं नाही तर पुढे काय, याबद्दल ती गप्प आहे. आईवडिलांच्या भेटीबद्दल त्याच कलमात वेगळं पोटकलम आहे. भावाने बहिणीला किती वेळा भेटायचं, याबद्दल नाही. अमेरिकेत २००८ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांना दोन्ही गोष्टी सांगितल्या: एकत्र ठेवण्याचा रास्त प्रयत्न करा, आणि जमलं नाही तर भेटीगाठी आणि संपर्क चालू ठेवा. संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या पर्यायी काळजीविषयक मार्गदर्शक तत्त्वांतही हेच आहे. आपल्याकडे पहिला अर्धा भाग कलमात आहे. दुसरा समितीच्या आदेशात लिहून घ्यावा लागतो. या लेखातलं एकच लक्षात राहणार असेल तर हे राहू द्या. तोंडी आश्वासन अधीक्षिका बदलली की संपतं, आदेशातलं वाक्य टिकतं.

या मागणीला बळ देणारी तत्त्वं कलम ३ मध्ये आहेत: मुलाचं सर्वोत्तम हित, मुलाचं म्हणणं ऐकून घेणं, संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय असणं. सख्खं-सावत्र असा भेद कलम ४४ करत नाही. वडील वेगळे असले, आडनावं वेगळी असली तरी एका घरात वाढलेल्या मुलांसाठी ही मागणी करता येते.

पायरी पहिली: फायली जोडून घ्या

निर्णय समिती घेते. अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांना दंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात. संस्थेची बाई, पोलीस, जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी हे सगळे माहिती देतात, शिफारस करतात. मूल कुठे राहील हे समितीच ठरवते. त्यामुळे बालगृहाच्या दारात वाद घालण्यात दिवस घालवू नका. समिती कुठे आणि कोणत्या दिवशी बसते ते १०९८ वर किंवा जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. राज्याचं महिला व बालविकास आयुक्तालयही पुण्यातच, कॅम्पात आहे; पण ते वरिष्ठ कार्यालय आहे, पहिल्या दिवशी तिथे जाऊन उपयोग नाही.

पहिलं काम अगदी कारकुनी आहे. प्रत्येक मुलाची फाईल वेगळी असते, क्रमांक वेगळा असतो. एकाच्या कागदावर ‘कांबळे’, दुसऱ्याच्या ‘कांबळी’. एकाचं वय आधारवरून, दुसऱ्याचं अंदाजाने. एकाच्या फाईलमध्ये भावंडांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. मुलं वेगवेगळ्या दिवशी सापडली असतील, समजा भाऊ पुणे स्टेशनवर आणि बहीण आठवड्याने दौंडला, तर ती भावंडं आहेत हे कागदावर कुठेच नसतं. म्हणून एका पानावर सगळ्या भावंडांची नावं, घरात हाक मारायची नावं, वयं, जन्मदाखला किंवा शाळेच्या दाखल्याची प्रत, रेशनकार्डावर नावं असल्यास त्याची प्रत, आणि कोण सध्या कुठे आहे, हे लिहा. तेच पान प्रत्येक मुलाच्या फाईलला लावायला सांगा. हाक मारायची नावं विसरू नका. सहा वर्षांचं पोर स्वतःचं नाव ‘सोन्या’ सांगतं आणि फाईलमध्ये तेच चढतं.

कुटुंब मूळचं बीडचं, सोलापूरचं किंवा थेट बिहारचं असेल तर आणखी एक गोष्ट. मुलाला त्याच्या मूळ जिल्ह्यातल्या समितीकडे पाठवण्याची तरतूद कायद्यात आहे. पाठवायचंच असेल तर दोघांना बरोबर पाठवा, असं तेव्हाच सांगा. एक गेलं आणि एक राहिलं की दोन समित्या, दोन तारखा, आणि प्रत्येकीकडे अर्धीच गोष्ट.

पायरी दुसरी: अर्ज, आणि पोच

सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत आणि समितीचा अंतिम निर्णय चार महिन्यांत व्हावा, असं कलम ३६ सांगतं. तुमचा अर्ज या पंधरा दिवसांच्या आत गेला तर तपासणी करणारा समाजसेवक भावंडांविषयी आपणहून विचारतो. उशिरा गेला तर अहवाल आधीच लिहिलेला असतो आणि अर्ज नुसता मागे टाचला जातो.

अर्जाला वकिली भाषा लागत नाही. असा मजकूर पुरतो:

‘मा. अध्यक्ष व सदस्य, बाल कल्याण समिती, पुणे. विषय: भावंडांना एकत्र ठेवणेबाबत. महोदय, कु. ___ (वय ९) व चि. ___ (वय ६) ही बहीणभाऊ असून जन्मापासून एकत्र वाढलेली आहेत. मी त्यांची मावशी आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ४४(३) चा विचार करता दोघांना एकाच कुटुंबात ठेवण्यात यावे व दोन्ही प्रकरणे एकत्र चालवावीत, ही विनंती. ते शक्य नसल्यास कारणे आदेशात नमूद करावीत, आणि तोपर्यंत दर पंधरा दिवसांनी प्रत्यक्ष भेट व दर आठवड्याला व्हिडिओ कॉल व्हावा, त्याची जबाबदारी कोणावर हे आदेशात स्पष्ट करावे.’

शेवटचं वाक्य गाळू नका. ‘भावंडांचा संपर्क ठेवावा’ एवढाच आदेश झाला तर तो कुणीच पाळत नाही, कारण तो कुणालाच सांगितलेला नसतो. रिक्षाचे पैसे कोण देणार, बरोबर कोण जाणार, भेट कोणत्या संस्थेत होणार, हे लिहिलेलं हवं.

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेऊन ती घरी आणायची. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ असं ऐकू येईल. नम्रपणे म्हणा, ठेवतेच, फक्त पोच द्या. पुढे अपील करायची वेळ आली तर याच शिक्क्यावर सगळं उभं राहतं.

समिती मुलांशीही बोलते. त्याआधी मुलांना पढवू नका. सदस्य अनुभवी असतात, पाठ केलेलं वाक्य त्यांना लगेच कळतं आणि तुमच्यावरचाच विश्वास उडतो. मुलांना एवढंच सांगा की विचारतील तेव्हा खरं सांगायचं, आणि दादाला किंवा ताईला भेटायचं असेल तर तेही सांगायचं.

पायरी तिसरी: कुठलं दार

पुण्यात भावंडांना एकत्र ठेवायचे तीन-चार मार्ग आहेत आणि माझ्या मते त्यांचा क्रमही ठरलेला आहे.

पहिलं दार नातेवाइकांचं. आजी, मामा, मावशी तयार असतील तर समिती चौकशी करून मुलं त्यांच्याकडे देऊ शकते. अडचण बहुतेक पैशांची असते. त्यासाठी राज्याची क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, दरमहा एका मुलामागे २,२५० रुपये. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाचे, म्हणजे मूल कुटुंबातच सांभाळायला दिल्या जाणाऱ्या मदतीचे, दरमहा एका मुलामागे ४,००० रुपये आहेत. त्याला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे, ग्रामीण भागात ७२,००० आणि इतरत्र ९६,०००. कोणती योजना तुम्हाला बसते ते जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारा. अर्ज प्रत्येक मुलाचा वेगळा करायचा. आधार, रेशनकार्ड, शाळेचं बोनाफाईड, आईवडिलांचा मृत्यूदाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि सांभाळणाऱ्याचा मुलासोबत घरासमोर काढलेला फोटो. हा फोटो बऱ्याच जणांचा राहतो. घराचं दार दिसलं पाहिजे, मूल दिसलं पाहिजे, आजी दिसली पाहिजे. सगळ्या भावंडांचे फोटो एकाच दिवशी, एकाच दारासमोर काढा. एकत्र राहतात याचा तो आपोआप पुरावा होतो.

दुसरं दार प्रतिपालक कुटुंबाचं. केंद्राच्या २०२४ च्या आदर्श मार्गदर्शक तत्त्वांनंतर एकट्या व्यक्तीलाही, म्हणजे अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित व्यक्तीलाही, ३५ ते ६० या वयात हे करता येतं. विवाहित जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं टिकलेलं हवं. मुलं साधारणपणे सहा वर्षांवरची असतात. एकट्या पुरुषाला मात्र मुलगेच मिळतात, म्हणजे बहीणभावाची जोडी त्याच्याकडे जाणार नाही. नोंदणी कारा या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर, आणि गृहभेट जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडून.

गृहभेटीत ‘किती मुलं?’ या प्रश्नाला बहुतेक लोक घाबरून ‘एक’ म्हणतात. भावंडं घ्यायची थोडीही तयारी असेल तर ती अहवालात लिहूनच घ्या, कारण पुढे कुटुंबं शोधताना समिती तोच अहवाल बघते. वन बीएचकेमध्ये बारा वर्षांची मुलगी आणि दहा वर्षांचा मुलगा, कोण कुठे झोपणार, हे विचारलं जाणारच. राग मानू नका. हॉलमध्ये कोण, आत कोण, मुलीला कपडे बदलायला दाराला कडी आहे का, हे आधीच ठरवून ठेवा. घर छोटं म्हणून नकार येतोच असं नाही. उत्तर तयार नसलं की शंका वाढते.

प्रतिपालकत्वातही दरमहा निधी मिळतो, मिशन वात्सल्यमध्ये मुलामागे ४,००० रुपये, आणि प्रकरण जिल्ह्याच्या प्रायोजकत्व व प्रतिपालकत्व मान्यता समितीकडे जातं. मूल तुमच्या घरी आल्यावर दर महिन्याला पाहणी करायची, असं कायदा सांगतो. त्या पाहणीच्या दिवशी दुसरं भावंड कुठे आहे, शेवटची भेट कधी झाली, हे तुम्हीच काढा. पाहणी करणारे आधी दप्तर, वजन, लसीकरण पाहतात, आणि वेळ तिथेच संपतो.

तिसरं, एकाच आवारात कुटुंबासारखी घरं असलेल्या संस्था. येरवड्यातलं एसओएस बालग्राम हे त्यातलं पुणेकरांना माहीत असलेलं नाव. भावंडांना एकाच घरात ठेवायचं, ही त्या संस्थेची जगभरची पद्धतच आहे. तिथेही प्रवेश समितीच्या आदेशानेच होतो, थेट जाऊन नाही.

आणि काहीच जमलं नाही तर निदान शेजारच्या दोन संस्था मागा. एकाच बसने जाता येईल अशा. हे मागितल्याशिवाय कुणाला सुचत नाही.

एक गोष्ट व्हॉट्सअॅपबद्दल. ‘या गोड भावंडांना घर हवंय’ असं लिहून मुलांचे फोटो फिरवू नका. समितीपुढे असलेल्या मुलाची ओळख उघड करणं कलम ७४ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हेतू कितीही चांगला असो.

‘वेगळं ठेवणंच बरं’ असं सांगितलं तर

कधीकधी ते खरं असतं. एका भावंडाने दुसऱ्याला इजा केली असेल, लैंगिक त्रास दिला असेल, किंवा एकाला सतत रुग्णालयाजवळ ठेवावं लागत असेल, तर हट्ट धरू नका. अशा वेळी देखरेखीखाली भेट मागा, तीही पीडित मुलाची इच्छा असेल तरच.

पण एक कारण मला अजिबात पटत नाही आणि ते वारंवार दिलं जातं: ‘थोरली धाकट्यांची आईच झालीय, तिला तिचं बालपण मिळू दे.’ निरीक्षण बरोबर असतं. नऊ वर्षांची मुलगी भावाला भरवते, त्याची चड्डी धुते, रात्री त्याने अंथरूण ओलं केलं की गुपचूप उठून बदलते. त्यावरचा उपाय म्हणजे भरवायचं आणि धुवायचं काम मोठ्या माणसाने हातात घेणं. भाऊच काढून घेतला तर त्या मुलीला बालपण मिळत नाही, ती रात्रभर त्याची काळजी करत जागी राहते. असं कारण ऐकलंत तर मुलीचं समुपदेशन झालं का, अहवाल कुठे आहे, एवढं शांतपणे विचारा.

पायरी चौथी: दत्तकाचा फाटा

सर्वांत जास्त सावध इथे राहायचं. प्रतिपालकत्वात मुलाचं जन्माचं नातं कायद्याने तुटत नाही. दत्तकात तुटतं. कलम ६३ प्रमाणे दत्तकाचा आदेश झाला की जन्मदात्या कुटुंबाशी असलेले सगळे संबंध संपतात, आणि त्यात भाऊबहीणही आले. नंतर अर्ज करून भेट मिळवण्याला आधार उरत नाही.

समजा भावंडं तीन आणि आठ वर्षांची आहेत. तीन वर्षांच्या मुलाला दत्तक मागणारे भरपूर असतात, आठ वर्षांच्या मुलीला फारसे नाहीत. समितीने दोघांना दत्तकासाठी कायदेशीर मोकळं घोषित केलं, की धाकट्याला कुटुंब लगेच मिळतं आणि ताई मागे राहते. म्हणून ही घोषणा होण्याआधीच लेखी कळवा की यांना भावंडं म्हणून एकत्रच सुचवावं. आईने मूल समर्पित केलं, म्हणजे समितीपुढे त्याच्यावरचा हक्क सोडला असेल तर फेरविचाराला दोन महिने असतात. नातेवाइकांना काही करायचं असेल तर त्याच मुदतीत हालचाल करावी, नंतर येऊन रडण्याचा उपयोग होत नाही.

प्रतिपालकांसाठीही एक वाट आहे: मूल दोन वर्षं तुमच्याकडे राहिलं, दत्तकासाठी मोकळं झालं, तर तुम्ही दत्तकासाठी पुढे येऊ शकता. दोन्ही भावंडं तुमच्याकडे असतील तर दोघांचं मिळूनच ठरवा.

आदेश मान्य नसेल तर

आधी आदेशाची प्रत मागा. प्रतिपालकत्वाविषयीच्या आदेशावर अपील जिल्हाधिकाऱ्यांकडे होतं, तीस दिवसांच्या आत, कलम १०१ खाली. समितीच्या इतर आदेशांवर बाल न्यायालयात. पुण्यात जिल्हाधिकारी कार्यालय ससूनजवळ आहे आणि न्यायालय शिवाजीनगरला, आणि दोन्हीकडे चुकीच्या दारी गेलेले लोक रोज दिसतात, म्हणून आदेश कशाबद्दलचा आहे ते आधी नीट वाचा. मुदत उलटली असेल तर उशिराचं सबळ कारण लिहा, अपील घेतलं जाऊ शकतं. समितीच्या कामकाजाविषयीची तक्रारही जिल्हाधिकारीच ऐकतात.

वकिलाची फी परवडत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळतो, त्यांच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज मुलाच्या नावाने केलात तर तुमच्या पगाराचा प्रश्नच येत नाही.

संपर्क चालू ठेवताना

राखीपौर्णिमेला आणि भाऊबीजेला संस्था हौसेने भेट घडवतात. ओवाळणी होते, फोटो निघतात, आणि मग पुढच्या सणापर्यंत शांतता. वर्षातून दोनदा भेटणारा सहा वर्षांचा भाऊ दोन वर्षांनी बहिणीशी काय बोलणार? म्हणून पंधरवड्याची भेटच धरून ठेवा, छोटी असली तरी चालेल. भेटीची तारीख आणि कोण हजर होतं, हे वहीत लिहा. भेट रद्द झाली तर कारणही लिहा. समितीपुढच्या पुढच्या तारखेला ही वही तुमच्या भाषणापेक्षा जास्त कामाची. मुलाच्या व्यक्तिगत काळजी आराखड्यातही भावंडांच्या भेटींची नोंद करून घ्या. मूल एका संस्थेतून दुसरीत गेलं तरी हा आराखडा त्याच्याबरोबर जातो.

थोरलं अठराचं झालं की नवाच प्रश्न येतो. ते बालगृहातून बाहेर पडतं, धाकटं आत राहतं, आणि कालपर्यंत शेजारच्या खोलीत असलेल्या दादाला दारावर ‘तुम्ही कोण?’ विचारतात. त्याने अठरा पूर्ण व्हायच्या आधीच समितीकडे स्वतःच्या सहीने अर्ज द्यावा: मी सख्खा भाऊ, मला भेटीची परवानगी आदेशात हवी. एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडल्यानंतरची, मदत कलम ४६ खाली मिळू शकते, तीही त्याच अर्जात मागावी. धाकट्याला स्वतःकडे आणायचं असेल तर खोलीचा भाडेकरार, पगाराची स्लिप आणि ‘रात्रपाळी असली तर घरी कोण?’ या प्रश्नाचं खरं उत्तर घेऊन जावं. समिती पहिला प्रश्न हाच विचारते.